हाताचा गुण

वैनगंगेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या ज्या अरण्यमय मुलखाचे १९८२ च्या ऑगस्टात चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन जिल्हे झाले, त्या मुलखातील सागाच्या, बांबूच्या, कोळशाच्या आणि धानाच्या हिशेबांनी सरकारी दप्तरे भरलेली आहेत. हिवतापाचे रक्तनमुने, सिकलसेलच्या तपासण्या आणि बालमृत्यू यांचीही आता तेथे काटेकोर नोंद होते. परंतु रोवणीच्या दिवसांत दिवसभर बांधीत वाकून काम केलेली बाई सांजवेळी घरी येऊन डोक्याला फडके करकचून बांधते आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसते, तेव्हा तिच्या त्या दुखण्याची नोंद करणारे दप्तर मात्र कोठेही नाही. ती तापाने फणफणलेली नसते, तिला उलटी होत नाही, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कामावर हजर असते, आणि म्हणूनच तिचे दुखणे दुखण्यात जमा होत नाही.

वैद्यकात या दुखण्याला ताणाची डोकेदुखी म्हणतात, आणि मनुष्यजातीत तिच्याइतकी पसरलेली दुसरी डोकेदुखी नाही. जगभरच्या रोगभाराची मोजदाद करणाऱ्या अभ्यासगटाने २०१६ सालासाठी केलेल्या हिशेबात हिने ग्रस्त असलेल्यांची संख्या सुमारे १८९ कोटी, तर अर्धशिशीने ग्रस्त असलेल्यांची सुमारे १०४ कोटी धरण्यात आली होती. कर्नाटकात शहरी व ग्रामीण वस्त्यांतील २,३२९ प्रौढांच्या दारी जाऊन जी पाहणी झाली, तिच्यात वर्षभरात ताणाची डोकेदुखी झालेल्यांचे प्रमाण शेकडा ३५ च्या आसपास आढळले. आणि एकंदर डोकेदुखी शहरापेक्षा खेड्यात अधिक आहे, असेही त्याच पाहणीत दिसून आले. ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. कारण डोके दुखणे हा कचेरीत बसून कागद तपासणाऱ्यांचा आणि चिंतातुर सुशिक्षितांचा विकार आहे, उघड्या रानात अंगमेहनत करणाऱ्याला तो शिवत नाही, अशी समजूत आपल्याकडे फार दिवस रूढ आहे.

इंटरनॅशनल हेडेक सोसायटी या संस्थेने १९८८ मध्ये प्रथम आणि त्यानंतर वेळोवेळी सुधारून प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात या डोकेदुखीची लक्षणे स्पष्ट सांगितली आहेत. ती अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत टिकते. बहुधा डोक्याच्या दोन्ही बाजूंना असते. ठणकत नाही, आवळते किंवा दाबते. तिची तीव्रता सौम्य ते मध्यम असते. आणि चालण्याने वा जिना चढण्याने ती वाढत नाही. या चार गुणांपैकी निदान दोन असावे लागतात. मळमळ व उलटी नसावी. आणि उजेड किंवा आवाज यांपैकी फार तर एकच असह्य व्हावा. अर्धशिशी हिच्या नेमकी उलट वागते: ती बहुधा एका बाजूस ठणकते, मळमळ आणते, आणि रुग्णाला अंधाऱ्या खोलीत आडवे पाडते. ताणाची डोकेदुखी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालली, तर ती जुनाट समजली जाते, आणि प्रस्तुत लेखात ज्या हस्तोपचाराचा विचार करावयाचा आहे, त्याची खरी कसोटी या जुनाट प्रकारातच लागते.

परंतु उपचाराकडे वळण्यापूर्वी एक कर्तव्य उरते, आणि ते या दोन जिल्ह्यांत इतर कोठल्याही प्रदेशाहून अधिक निकडीचे आहे. महाराष्ट्रातील हिवतापाचा फार मोठा वाटा एकट्या गडचिरोलीच्या जंगलात सापडतो. तेव्हा ताप किंवा थंडी यांसह डोके दुखत असेल, तर मानेला हात लावण्याआधी बोटाला सुई टोचून रक्त तपासले पाहिजे. वैशाखात चंद्रपूर व ब्रह्मपुरी येथील पारा देशातील सर्वाधिक आकड्यांच्या पंगतीत जाऊन बसतो, त्या दिवसांत तेंदूची पाने तोडून आलेल्या माणसाची डोकेदुखी पाणी व मीठ घटल्याने किंवा उष्माघाताच्या आरंभी उद्भवलेली असू शकते. गरोदर स्त्रीचे डोके दुखत असेल, तर प्रथम तिचा रक्तदाब मोजावयाचा. सिकलसेलच्या रुग्णाचे दुखत असेल, तर त्याच्या रक्ताकडे आणि मेंदूच्या रक्तपुरवठ्याकडे लक्ष वळवावयाचे. क्षणार्धात वीज कोसळावी तशी आलेली वेदना, ताठ झालेली मान, अडखळणारी वाचा, लुळा पडणारा हात, डोक्याला मार बसल्यानंतर वाढत जाणारे दुखणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, यांपैकी काहीही आढळले तर रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात पोचविले पाहिजे. जाणता भौतिकोपचारतज्ज्ञ प्रथम हीच कैफियत तपशिलाने ऐकून घेतो; आणि पुष्कळदा त्याच्या हाताचा पहिला उपयोग हात मागे घेण्यातच असतो.

ही वेदना येते कोठून, याविषयीचे मत गेल्या साठ वर्षांत पुष्कळ बदलले. १९६२ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या समितीने डोकेदुखीचे जे वर्गीकरण केले, त्यात डोक्याचे व मानेचे स्नायू दीर्घकाळ आकुंचित राहिल्याने ही वेदना होते, असे गृहीत धरलेले होते. कल्पना सोपी व पटण्याजोगी होती. परंतु स्नायूंतील विद्युत्क्रिया मोजणारी उपकरणे लावून पाहिली असता, रुग्णांचे स्नायू निरोगी माणसांच्या स्नायूंपेक्षा नेहमीच अधिक आवळलेले असतात असे काही सिद्ध होईना. मात्र दुसरी एक गोष्ट निरपवादपणे म्हणता येईल इतक्या सातत्याने आढळली: या रुग्णांचे कपाळ, कानशिले, जबडा, मान आणि खांद्याचा वरचा भाग बोटाने दाबला असता दुखतो, आणि डोकेदुखी जितक्या वारंवार येते, तितकी ही हळवेपणाची मात्रा अधिक असते. म्हणजे दोष स्नायूच्या आवळण्यापेक्षा त्याच्या हळवेपणात शोधावयास हवा.

मान दुखत असताना कपाळ का दुखावे, याचे उत्तर मज्जारज्जूच्या वरच्या टोकाशी मिळते. चेहरा, कपाळ व कानशिले यांची संवेदना वाहून नेणारी मोठी नस आणि मानेच्या पहिल्या तीन मणक्यांच्या पातळीवरून निघणाऱ्या नसा या सर्वांचे तंतू तेथील एकाच चेतापेशीसमूहात येऊन मिळतात. दोन गावांची टपाल एकाच कचेरीत उतरावी, आणि घाईत असलेल्या कारकुनाने एका गावची पत्रे दुसऱ्या गावच्या पिशवीत टाकावीत, तशी मानेच्या बुडाशी उगम पावलेली वेदना मेंदूच्या दरबारी कपाळाच्या किंवा डोळ्यामागच्या पत्त्याने दाखल होते. कवटीच्या बुडाशी चार जोड्यांचे जे छोटे स्नायू डोके सावरून धरतात, त्यांचा या व्यवहाराशी निकटचा संबंध आहे. त्यांतील एका स्नायूपासून मज्जारज्जूच्या बाह्य आवरणापर्यंत संयोजी ऊतींचा सेतू असल्याचे १९९५ मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञांनी दाखविले, आणि तो या वेदनेत कितपत भाग घेतो याविषयीचा वाद अद्याप मिटलेला नाही.

आरंभी हा हळवेपणा परिघावर, म्हणजे स्नायूंत असतो. परंतु महिनोन्‌महिने वेदनेचे संदेश येत राहिले, की मज्जारज्जूतील व मेंदूतील पेशी स्वतःच हळव्या होतात, आणि मग जो स्पर्श पूर्वी केवळ स्पर्श म्हणून कळे तोही दुखू लागतो. मेंदूतून खाली येऊन वेदनेला आवर घालणारी जी स्वाभाविक व्यवस्था आहे, तीही अशा वेळी ढिली पडते. झोप अपुरी असणे, चिंता, उपास, उदासीनता यांचा डोकेदुखीशी जो संबंध सर्वांच्या अनुभवास येतो, त्याचे बरेचसे मर्म येथे आहे. कारण ज्या व्यवस्थेने वेदनेला आवरावयाचे, तीच या गोष्टींनी दुबळी होते. म्हणून जुनाट ताणाच्या डोकेदुखीला केवळ मानेचा किंवा केवळ मनाचा विकार ठरविणे, ही दोन्ही टोके सारखीच चुकीची आहेत.

आता हा विचार या मुलखाच्या, म्हणजे झाडीपट्टीच्या, आयुष्यक्रमाशी ताडून पाहावा. आषाढ-श्रावणात मूल, सिंदेवाही, नागभीड, आरमोरी, वडसा या धानाच्या पट्ट्यात रोवणी चालते. तेव्हा कंबरेतून वाकलेले धड जमिनीशी समांतर असते, पण पुढची ओळ पाहण्यासाठी डोके वर उचलून धरावे लागते, आणि सुमारे साडेचार-पाच किलो वजनाचे ते डोके तासन्‌तास त्या स्थितीत तोलण्याचा सारा भार मानेच्या मागच्या व कवटीच्या बुडाच्या स्नायूंवर पडतो. फाल्गुन-चैत्रात मोहफुले वेचताना दृष्टी जमिनीला खिळलेली असते. वैशाखात पहाटे तोडलेली तेंदूची पाने घरी आणून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधताना मान उलट्या बाजूस, छातीकडे झुकते, आणि ती पुडकी पाने जमा करण्याच्या फळीवर पोचेपर्यंत वर उठत नाही. सरपणाची मोळी, पाण्याची गुंडी, धानाचा भारा ही सारी वाहतूक चुंबळीवरून होते, आणि डोक्यावरचे ओझे डळमळू नये म्हणून मानेच्या चोहोबाजूंचे स्नायू एकाच वेळी ताठ राहतात. पश्चिमेकडे, घुग्घुस, माजरी, बल्लारपूर या कोळशाच्या पट्ट्यात कामाची रूपे वेगळी आहेत. तेथे दिवस-रात्र पाळ्या बदलतात आणि झोपेची घडी विस्कटते. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टी रंगभूमीची रात्ररात्र चालणारी नाटके ज्या उत्साहाने पाहिली जातात, तो उत्साह कोणाला नको होईल असे नाही. पण दुसऱ्या दिवशीची अनेकांची डोकेदुखी त्या जागरणाचीच असते. आणि दिवसभर तोंडात धरून चघळला जाणारा तंबाखू-सुपारीचा खर्रा इतर जे अनर्थ करतो ते करतोच; शिवाय जबड्याच्या व कानशिलाच्या स्नायूंना तो क्षणभर विश्रांती मिळू देत नाही.

यावरून अमुक रीतीने वाकल्यामुळेच डोके दुखते, असा सरळ कार्यकारणभाव मांडणे मात्र धाडसाचे होईल. ताणाच्या डोकेदुखीच्या रुग्णांत डोके पुढे काढून ठेवण्याची ढब अधिक आढळते, हे खरे. परंतु ती ढब वेदनेचे कारण की वेदनेमुळे जडलेली सवय, याचा निर्णय संशोधकांना अद्याप करता आलेला नाही. ज्या बायका पिढ्यान्‌पिढ्या रोवणी करीत आल्या, त्या सर्वांचीच डोकी दुखत नाहीत. एवढे मात्र निश्चयाने म्हणता येते, की एकदा हळवा झालेला स्नायू अशा श्रमांनी अधिक हळवा होतो, आणि विश्रांती हा ज्याच्यावरचा उपाय ती विश्रांती हंगामात कोणालाच परवडत नाही.

दुखऱ्या डोक्याला हाताने आराम देण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग वर्णिलेले असून, अर्धशिशीसारख्या दुखण्याचा त्यांत अर्धावभेदक या नावाने समावेश आहे; आणि शिरोभ्यंग हा आयुर्वेदातील नित्याचा उपचार होय. युरोपात पेर हेन्रिक लिंग याने १८१३ साली स्टॉकहोम येथे स्थापिलेल्या व्यायामसंस्थेतून अंगमर्दनाला शास्त्रीय शिस्त लागली. इंग्लंडात १८९४ मध्ये मर्दनविद्येत शिकलेल्या परिचारिकांनी आपला संघ उभारला, आणि पुढे त्यातूनच तेथील भौतिकोपचाराचा व्यवसाय आकारास आला. भारतात या विद्येचा विद्यालयीन आरंभ मुंबईत झाला: पोलिओच्या साथींनी लुळ्या पडलेल्या मुलांचा प्रश्न उभा राहिला असता, १९५२ च्या सुमारास के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने देशातील पहिले भौतिकोपचार विद्यालय सुरू झाले.

चंद्रपूर जिल्ह्याला या विद्येची ओळख डोकेदुखीच्या निमित्ताने झाली नाही. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनाचे जे कार्य उभारले, त्या प्रकारच्या कार्यात वाकू लागलेल्या बोटांना तेल लावून चोळणे, सांधे हलते ठेवणे आणि बधिर पायांची निगा राखणे, हे भौतिकोपचाराचे अंग अपरिहार्य असते. ते स्वतः मणक्याच्या दुर्धर विकाराने इतके जायबंदी झाले, की पुढील आयुष्यात त्यांना बसता येत नसे. उभे राहावे किंवा आडवे व्हावे, एवढेच त्यांच्या हाती उरले होते, आणि तशाच अवस्थेत त्यांनी १९८५ मध्ये ‘भारत जोडो’ यात्रा केली. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने अलीकडे खेड्यापाड्यांतील पाठदुखी व सांध्यास्नायूंची दुखणी यांचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला, आणि मुंबईचे मणक्याचे शल्यविशारद डॉ. शेखर भोजराज व त्यांचे सहकारी संस्थेच्या शोधग्राम या ठिकाणी येऊन शस्त्रक्रिया करू लागले. कंबर आणि पाठ यांना अशी दाद मिळू लागली आहे. मान आणि डोके यांची फिर्याद मात्र अद्याप दाखल व्हावयाची आहे.

हस्तोपचाराची प्रत्यक्ष रीत अशी. भौतिकोपचारतज्ज्ञ प्रथम कानशिले, जबडा, मानेचा पाठीमागचा भाग, कानामागून हांसळीच्या हाडाकडे तिरका उतरणारा स्नायू आणि खांद्याचा वरचा कडा या जागा दोन बोटांनी, लहान वर्तुळे काढीत, बेताने दाबून पाहतो. कोठे दाबले असता रुग्ण ‘हेच ते दुखणे’ असे म्हणतो, याकडे त्याचे विशेष लक्ष असते. कारण काही बिंदू दाबले असता वेदना त्या जागी न उमटता कपाळात किंवा डोळ्यामागे उमटते. या बिंदूंचे नकाशे जॅनेट ट्रॅव्हेल व डेव्हिड सायमन्स यांनी १९८३ साली आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या डॉक्टर त्या याच ट्रॅव्हेल. या बिंदूंच्या ठिकाणी ऊतींत नेमके काय घडलेले असते, याविषयी मतभेद आहेत; पण रुग्णाला त्याची परिचित वेदना तेथे भेटते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मग रुग्णाला उताणे निजवून, त्याची हनुवटी छातीकडे पूर्ण नेऊन डोके डावी-उजवीकडे वळवून पाहतात. निरोगी मान या स्थितीत प्रत्येक बाजूस सुमारे ४४ अंश वळते. एका बाजूस ती ३२-३३ अंशांच्या अलीकडेच अडली, तर मानेच्या वरच्या सांध्यांतून उद्भवणाऱ्या निराळ्या डोकेदुखीचा संशय घ्यावा लागतो.

उपचाराची सर्वांत ख्यात कृती म्हणजे कवटीच्या बुडाशी दिलेला दाब. रुग्ण उताणा निजलेला असतो, तज्ज्ञ त्याच्या उशाशी बसून दोन्ही हातांची बोटे कवटीच्या कडेखाली उभी धरतो आणि डोक्याचे वजनच बोटांच्या टोकांवर विसावू देतो. जोर लावावयाचा नसतो, काही मिनिटे वाट पाहावयाची असते, आणि हळूहळू ते चार जोड्यांचे स्नायू सैल पडल्याचे दोघांनाही कळते. खांद्याच्या कड्यावरील हळव्या बिंदूवर मिनिट-दीड मिनिट स्थिर दाब ठेवला जातो. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी घालून दिलेल्या पायऱ्यांनुसार मानेच्या सांध्यांना मंद, लयबद्ध हालचाल दिली जाते. शेवटी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, रुग्णाला व्यायाम शिकविला जातो: उताणे निजून, मानेखाली घडी घातलेला पंचा ठेवून, होकार द्यावा तेवढीच हनुवटी आत घ्यावयाची, दहा सेकंद धरावयाची आणि सोडावयाची, असे दहा वेळा. या अल्पशा हालचालीने मानेच्या खोलातले, मणक्यांना चिकटून असलेले स्नायू जागे होतात. ऑस्ट्रेलियातील ग्वेन्डोलेन जुल यांनी हा व्यायाम दाबमापक पिशवीच्या मदतीने प्रमाणबद्ध केला; त्या पिशवीत प्रथम २० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब ठेवून तो दोन-दोनने ३० पर्यंत वाढवीत नेतात. परंतु घरी पंच्याची घडी पुरते.

हात लावताच बरे का वाटते, याची उत्तरे अनेक आहेत. १९६५ मध्ये मेलझॅक व वॉल यांनी मांडलेल्या सिद्धान्तानुसार स्पर्शाचे व दाबाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांची वाट अडवितात. मेंदूतील वेदनानिवारक व्यवस्थाही त्यामुळे कार्यान्वित होते. आणि कोणी तरी आपले दुखणे नीट ऐकून घेतले, आपल्या माथ्याला काळजीपूर्वक हात लावला, यातून येणारा विश्वास हाही उपचाराचाच एक भाग होय. सरकलेले हाड जाग्यावर बसविले, असे मात्र कोणी सांगू लागल्यास ते मानू नये. ताणाच्या डोकेदुखीत कोठलेही हाड सरकलेले नसते.

या उपचाराचे शास्त्रीय प्रामाण्य किती, हा प्रश्न टाळून चालणार नाही. डेन्मार्कमध्ये १९९८ साली ७५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत स्नायुमर्दनासोबत मानेला झटका देऊन वाजविण्याचा उपचार एका गटाला दिला, आणि दुसऱ्या गटाला स्नायुमर्दनासोबत केवळ नकली लेसर. दोन्ही गटांची डोकेदुखी सारखीच कमी झाली, झटक्याने काही अधिक साधले नाही. त्यापूर्वी १९९५ मध्ये अमेरिकेत १५० रुग्णांवर मणक्याच्या हस्तोपचाराची तुलना अमिट्रिप्टिलीन या औषधाशी करण्यात आली. उपचार चालू असताना औषध किंचित सरस ठरले, पण दोन्ही थांबविल्यानंतर महिनाभराने हस्तोपचाराचा गुण टिकून होता आणि औषधाचा ओसरला होता. नेदरलँड्समध्ये २०११ साली जुनाट डोकेदुखीच्या ८२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांत अर्ध्या तासाच्या फार तर नऊ बैठकी दिल्या गेल्या. हस्तोपचार व व्यायाम मिळालेल्या गटाचे डोकेदुखीचे दिवस कुटुंबवैद्याचे नेहमीचे उपचार मिळालेल्या गटापेक्षा अधिक घटले, आणि हा फरक सहा महिन्यांनीही दिसत होता. या चाचण्या लहान आहेत. शिवाय गोळीसारखी गोळी बनवून रुग्णाला फसविता येते, तसा हातासारखा नकली हात बनविता येत नाही, ही या विषयातील कायमची अडचण आहे. तथापि एकत्र वाचले असता त्यांचा कल स्पष्ट दिसतो: मृदू हस्तोपचार आणि व्यायाम यांची जोडी उपयुक्त आहे, झटका अनावश्यक आहे, आणि हस्तोपचाराचा गुण औषधापेक्षा अधिक काळ टिकतो.

हा निष्कर्ष आपल्याकडील एका लोकप्रिय प्रथेच्या विरुद्ध जातो. डोक्याची चंपी करून झाल्यावर गिऱ्हाइकाची हनुवटी धरून मान कडकन्‌ वाजविण्याचा जो रिवाज केशकर्तनाच्या दुकानांतून चालतो, त्याने क्षणभर मोकळे वाटते यात शंका नाही. परंतु मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या आतल्या आवरणाला अशा झटक्याने क्वचित चीर पडते आणि त्यातून पक्षाघात ओढवू शकतो. धोका विरळा आहे. पण ज्या झटक्याचा अधिक लाभच नाही, त्यासाठी विरळा धोकाही पत्करण्याचे कारण नाही. चंपी करवून घ्यावी, मान मोडू देऊ नये.

दुसरा धोका याहून पुष्कळ अधिक प्रमाणात आढळतो, आणि तो किराणा दुकानातून सुट्या मिळणाऱ्या गोळ्यांचा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, अथवा अनेक द्रव्यांचे मिश्रण असलेली गोळी दहा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेत गेल्यास ती गोळीच डोकेदुखीला कारण होते. मग सकाळी डोके दुखते म्हणून गोळी, आणि गोळी घेतली म्हणून पुन्हा डोकेदुखी, असे चक्र सुरू होते. अशा रुग्णाच्या मानेवर कितीही कुशल हात फिरविला तरी, गोळ्यांचा हिशेब विचारल्यावाचून गुण येणे कठीण. म्हणून डोके कोणत्या दिवशी दुखले, गोळी कधी घेतली, झोप किती झाली, याची वहीत नोंद ठेवणे हा उपचाराचाच आरंभ समजावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी दिनदर्शिकेवर खुणा केल्या तरी चालते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नेदरलँड्सच्या रुग्णाला आठ आठवड्यांत नऊ वेळा तज्ज्ञाकडे जाणे शक्य होते. भामरागड तालुक्यातील रुग्णाला जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरहून दूर आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले, की तालुक्याचा संपर्कच तुटतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत रोवणी चालू असल्याने मजुरी बुडविणे कोणालाही परवडत नाही. येथे शहरातील उपचाराची नक्कल करू गेल्यास ती पहिल्या बैठकीनंतर मोडते. म्हणून उपचाराचा क्रमच उलटा मांडला पाहिजे: जे शहरात शेवटी शिकविले जाते, म्हणजे व्यायाम, बोटांनी स्वतः द्यावयाचा दाब, नोंदवही, गोळ्यांवरील मर्यादा, ते येथे पहिल्याच भेटीत शिकवावे, आणि तज्ज्ञाचा हात तपासणीसाठी व अडलेल्या थोड्या रुग्णांसाठी राखून ठेवावा. टेनिसचा चेंडू किंवा गोल घडी घातलेले फडके भिंतीशी धरून खांद्याच्या कड्यावर दाब देणे, कोमट पाण्यात भिजवून पिळलेला पंचा मानेवर ठेवणे, रोवणीच्या ओळी संपताच उभे राहून खांदे मागे घेणे, या गोष्टी एका बैठकीत समजतात.

हे केवळ मनोराज्य नव्हे. नवजात बालकांची निगा घराघरांत राखण्यासाठी ‘सर्च’ने गडचिरोलीच्या खेड्यांतील सामान्य शिक्षणाच्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले, आणि त्यायोगे त्या गावांतील नवजात मृत्यू शेकडा ६२ नी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जी स्त्री बालकाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखावयास शिकू शकते, तिला डोकेदुखीतील धोक्याची लक्षणे ओळखणे, हिवतापाची तपासणी करणे, आणि ज्यांच्यात असे काही नाही त्यांना मानेचा व्यायाम दाखविणे अवघड नाही. जिल्हा रुग्णालयातील भौतिकोपचारतज्ज्ञाने महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात मुक्काम करून आरोग्यसेविकांना हात कोठे व किती दाबावयाचा हे प्रत्यक्ष शिकविले, आणि शिकविण्याची मुदत तेंदूच्या व रोवणीच्या हंगामाआधी, म्हणजे माघ-फाल्गुनात ठेवली, तर हंगामात लागणारी शिदोरी लोकांजवळ आधीच असेल.

एखाद्या वैद्याच्या हाताला गुण आहे, असे आपण म्हणतो तेव्हा तो गुण त्याच्याबरोबर येतो आणि त्याच्याबरोबर जातो, असे आपल्या मनात असते. ताणाच्या डोकेदुखीत ज्या हाताने आपले कौशल्य रुग्णाला दिले नाही, त्याच्याकडे रुग्णाला पुन्हा पुन्हा जावे लागते. आणि ज्याने ते दिले, त्याच्याकडे रुग्ण परत येत नाही. दोन्ही जिल्ह्यांतील अंतरे, नद्या आणि हंगाम पाहता, रुग्णाला परत यावे न लागणे हेच येथील उपचाराच्या यशाचे माप धरले पाहिजे, आणि उपचाराची सगळी आखणी त्या मापानेच झाली पाहिजे.